लिस्प आणि तिच्या बोली

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण माणसांच्या बोलण्याविषयी आहे; परंतु संगणकाला हुकूम देण्यासाठी मुद्दाम घडविलेल्या भाषांनाही ती लागू पडावी, ही मोठी गमतीची गोष्ट होय. लिस्प ही त्यांतली एक जुनी, घरंदाज भाषा. तिचा इतिहास म्हणजे बव्हंशी तिच्या बोलींचाच इतिहास आहे.

१९५८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी तिची जुळवाजुळव सुरू केली. प्रोग्रॅम म्हणजे हुकमांची जंत्री नव्हे, तर गणितातील फलनांची गुंफण, ही तिच्यामागची कल्पना. सारी माहिती याद्यांच्या रूपात मांडावयाची. आणि विशेष असा, की प्रोग्रॅम हीदेखील एक यादीच! १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मॅकार्थींनी 'इव्हॅल' नावाचे एक फलन दिले. लिस्पमधील कोणत्याही वाक्याचा अर्थ लावणारे हे फलन स्वतः लिस्पमध्येच लिहिता येते. त्यांच्या लेखी हे केवळ कागदावरचे सिद्धांतन होते. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी मात्र ते यंत्रात उतरविण्याचे मनावर घेतले. सिद्धांत आणि व्यवहार यांची तुम्ही गल्लत करीत आहात, असे मॅकार्थींनी त्यांना सुनावले. तरी रसेल यांनी आयबीएम ७०४ या यंत्रावर ते चालवून दाखविले. त्या यंत्राच्या ३६ बिटांच्या शब्दातील दोन भागांवरून पडलेली 'कार' आणि 'कुडर' ही नावे, यंत्र केव्हाच इतिहासजमा झाले तरी, अनेक बोलींत अजून टिकून आहेत.

अर्थ लावणारे फलन इतके आटोपशीर, की ज्याला ते उमगले त्याने आपल्या सोयीने त्यात फेरफार करावा आणि नवी बोली उभी करावी. त्यात १९६३ साली टिमोथी हार्ट यांनी 'मॅक्रो' आणले, तेव्हा भाषेत नवे वाक्प्रकार घालण्याची मुभा वापरणाऱ्यालाच मिळाली. पुढे एमआयटीत मॅकलिस्प रुजली; दुसरीकडे बीबीएन या कंपनीत वाढलेल्या लिस्पची झेरॉक्सच्या साहाय्याने इंटरलिस्प झाली. परिणाम असा, की एका प्रयोगशाळेतील प्रोग्रॅम दुसरीकडे चालेना.

भेद केवळ शब्दांचा नव्हता. साताऱ्याहून कोणी पत्रात 'इकडे पाऊस फार आहे' असे लिहिले आणि ते नागपुरास वाचले गेले, तर 'इकडे' म्हणजे कोठे? साताऱ्यास, हे पोरही सांगेल. परंतु जुन्या लिस्पमध्ये फलनातील मोकळ्या नावाचा अर्थ, ते फलन जेथे वापरले जाई तेथल्या संदर्भाने लागे. म्हणजे पाऊस नागपुरास पडे! १९७५ साली जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी स्कीम ही लहानशी बोली रचली, तेव्हा अल्गॉल भाषेप्रमाणे, जेथे लिहिले तेथलाच अर्थ, हा नियम त्यांनी पत्करला. मूळ नाव 'स्कीमर'. पण त्यांच्या यंत्रावर फाईलच्या नावाला सहाच अक्षरांची मर्यादा असल्याने शेवटचे अक्षर गळाले.

बोलींचा हा बाजार आवरण्यासाठी १९८१ साली कॉमन लिस्पची खटपट सुरू झाली. १९८४ साली स्टील यांनी तिचा ग्रंथ लिहिला आणि १९९४ साली तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणाची मान्यता मिळाली. या एकीची किंमतही पडली. प्रमाण भाषेचा पाया मुख्यतः मॅकलिस्पच्या वंशावळीवर घातला गेला. वापरणाऱ्याच्या चुका स्वतःच सावरू पाहणारी इंटरलिस्प बाजूला राहिली आणि हळूहळू मागे पडली. प्रमाणग्रंथही हजारांहून अधिक पृष्ठांचा झाला. उलट १९९८ सालचे स्कीमचे प्रतिवृत्त सुमारे ५० पृष्ठांत आटोपते!

तथापि अर्थाचा तो नवा नियम कॉमन लिस्पने उचलला तो या धाकट्या स्कीमकडूनच. स्वतः स्कीमचे लोकही २००७ सालच्या प्रमाणावरून दुभंगले, आणि त्याच वर्षी क्लोजर ही आणखी एक बोली अवतरली. प्रमाण भाषेने व्यवहार सुकर होतो, हे खरेच. पण तिच्या अंगी जे नवे येते ते कोठल्या तरी बोलीत आधी बोलले गेलेले असते. भाषा यंत्राची असली तरी हा न्याय काही चुकत नाही.