सन्मानपूर्वक प्रसूतिसेवा

रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रीची प्रतिष्ठा, खासगीपणा व संमती जपणारी सेवा. अंगावर ओरडणे, मांडीवर चापट मारणे, पडदा न ओढता आतून तपासणे, न विचारता छेद घेणे, कळा देणारीला एकटे टाकणे, बिलासाठी अडकवून ठेवणे हे सारे या सेवेच्या विरुद्ध जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये अशा वागणुकीविरुद्ध निवेदन काढले. व्हेनेझुएलाने 2007 च्या कायद्यात तिला ‘प्रसूतिहिंसा’ म्हटले. या शब्दाबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत.

हा प्रश्न शिष्टाचाराचा समजला जातो. प्रत्यक्षात तो उपचाराचाच भाग आहे, आणि सोबतीविषयीचे संशोधन हे सर्वांत स्पष्टपणे दाखवते. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 26 चाचण्या व 15 हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. कळा सुरू असताना जवळ सतत कुणी राहिले, तर नैसर्गिक प्रसूती वाढल्या, सिझेरियन कमी झाले, कळांचा काळ सरासरी सुमारे 40 मिनिटांनी घटला. पुराव्याचा दर्जा सर्वत्र सारखा नाही, पण दिशा एकच आहे. कुणी पाठ चोळली, घोटभर पाणी दिले, हात धरला, एवढ्यानेही बाळंतपणाची वाट बदलू शकते.

भारतात रुग्णालयातील बाळंतपणासाठी आर्थिक मदत देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेचा आरंभ 2005 चा. संस्थेतील प्रसूती 2005–06 मध्ये 38.7 टक्के होत्या, त्या 2019–21 मध्ये 88.6 टक्क्यांवर गेल्या (महाराष्ट्रात 94.7). हे मोठेच यश आहे. पण हा आकडा बाळंतपण कुठे झाले ते सांगतो, टेबलावर काय घडले ते नाही. 2016 मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला परवानगी दिली. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे, उपचारात ढवळाढवळ करू नये, दुसऱ्या बाईकडे जाऊ नये, अशा अटी आहेत. आडोशाची सोय असेल तिथे पतीलाही आत घेता येते. प्रसूतिकक्षांची गुणवत्ता सुधारण्यासाठी डिसेंबर 2017 पासून सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाची वागणूक गुणवत्तेच्या मोजमापात आली.

यावर नेहमीचा आक्षेप मनुष्यबळाचा : एक सिस्टर आणि कळा देणाऱ्या अनेक जणी. अडचण खरी आहे, आणि पदे भरलीच पाहिजेत. तरीही पडदा ओढायला किंवा “आता तपासते हं” म्हणायला वेगळे माणूस लागत नाही. अपुऱ्या मनुष्यबळामुळे सिस्टरला यायला उशीर का झाला ते कळते, चापट का मारली ते कळत नाही. बाळाच्या जिवासाठी दटावावे लागते, हा दुसरा बचाव. पण एकदा ओरडा खाल्लेली बाई नंतर रक्तस्राव वाढला तरी हाक मारायला कचरली, तर धोका तिच्याच जिवाला असतो.