बर्फावरच्या हॉकीतील मालक, खेळाडू आणि गोलरक्षक



हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात. आज मी ज्या हॉकीविषयी बोलणार आहे ती निराळी. ती कॅनडात आणि अमेरिकेत बर्फावर, बुटांना पोलादी पाती लावून, चेंडूऐवजी रबराच्या टणक चकतीने खेळली जाते. एका वेळी संघाचे सहा गडी बर्फावर असतात आणि त्यांतला एक गोलरक्षक असतो. मी काही या खेळाचा जाणकार नव्हे. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे आयुष्य कामगारांच्या पगाराच्या वाटाघाटी करण्यात गेले. त्यामुळे या खेळाचा इतिहास वाचताना माझे लक्ष गोलांपेक्षा करारांकडेच अधिक गेले. त्या करारांत मला एक जुना प्रश्न भेटला. ज्याच्यावाचून काम अडते त्याच्या हाती बळ असते, असे आपण सगळेच समजतो. हे कितपत खरे आहे?

नॅशनल हॉकी लीग ही संस्था नोव्हेंबर १९१७ मध्ये माँट्रियल येथे स्थापन झाली. ती प्रथमपासून मालकांची संस्था होती. १९२५ साली हॅमिल्टन गावचा संघ गुणतक्त्यात पहिला आला. त्या वर्षी लीगने सामन्यांची संख्या २४ वरून ३० केली होती, मात्र पगार होते तेच राहिले. वाढलेल्या सामन्यांबद्दल प्रत्येकी २०० डॉलर द्या, नाहीतर अंतिम फेरीत खेळणार नाही, असे हॅमिल्टनच्या खेळाडूंनी बजावले. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनी त्यांना निलंबित केले आणि प्रत्येकी दंड ठोकला, तोही २०० डॉलरच! पुढे त्या खेळाडूंचे करार ७५,००० डॉलरना न्यूयॉर्कच्या मालकाला विकले गेले आणि हॅमिल्टनचा संघ इतिहासजमा झाला. काम वाढले तर मोबदला वाढावा, एवढीच साधी मागणी होती. तिच्यापायी एका गावाचा संघच उठला.

त्या काळी संघापाशी गोलरक्षक एकच असे. दुसरा ठेवणे म्हणजे एका माणसाचा पगार फुकट घालवणे, असा हिशेब होता. या हिशेबाचे फळ ७ एप्रिल १९२८ रोजी दिसले. स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सच्या गोलरक्षकाच्या डोळ्यावर चकती बसली. दुसऱ्या संघाचा एक नामांकित गोलरक्षक प्रेक्षकांत बसला होता, परंतु प्रतिपक्षाने त्याला खेळवू देण्यास नकार दिला. अखेर रेंजर्सचे व्यवस्थापक लेस्टर पॅट्रिक हे ४४ वर्षांचे गृहस्थ स्वतःच गोलात उभे राहिले. त्यांनी एकच गोल होऊ दिला आणि जादा वेळेत संघ २–१ असा जिंकला. ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, आणि ती आहेही कौतुकाची. पण काटकसरीची किंमत त्या दिवशी एका माणसाच्या डोळ्याने मोजली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

१९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत लीगमध्ये सहाच संघ होते. म्हणजे गोलरक्षकाच्या कायम नोकऱ्या साऱ्या उत्तर अमेरिकेत सहाच! घरच्या संघाने एक जादा माणूस हाताशी ठेवायचा आणि दोहोंपैकी ज्या संघाचा गोलरक्षक जखमी होईल त्याला तो उसना द्यायचा, अशी रीत होती. आपल्याकडे गिरणीच्या दारात बदली कामगार ताटकळत असे, तसाच हा बर्फावरचा बदली. डेट्रॉइटच्या संघात खेळाडूंची मलमपट्टी आणि सामानसुमान पाहणारा लेफ्टी विल्सन नावाचा मदतनीस होता. १९५६ साली तो टोरोंटोच्या बाजूने, आपल्याच मालकाच्या संघाविरुद्ध, गोलात उभा राहिला होता.

आता त्या काळचा करार पाहा. खेळाडूने एकदा सही केली की तो त्या संघाचा झाला. मुदत संपली तरी त्याच्यावरचा हक्क मालकाकडेच राही. दुसरीकडे जास्त पगार मिळतो म्हणून त्याला जाता येत नसे, मालकाला मात्र तो हवा तेव्हा विकता येई. पगार एकमेकांना सांगायचा नाही, असा दंडक होता. डेट्रॉइटचा गॉर्डी हाउ हा त्या काळचा सर्वांत थोर खेळाडू. आपल्याइतका पगार दुसऱ्या कोणाला नाही अशी त्याची समजूत होती. पुढे बॉब बॉन हा सहकारी संघात आला आणि त्याने स्वतःचा आकडा सांगितला, तेव्हा हाउला खरी परिस्थिती समजली.

ही कोंडी फोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न डेट्रॉइटच्याच टेड लिंडसेने केला. खेळाडू १९४७ पासून दरसाल ९०० डॉलर निवृत्तिवेतनाच्या निधीत भरत होते. त्या निधीचा हिशेब दाखवा, अशी त्याची पहिली मागणी होती. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याने खेळाडूंची संघटना जाहीर केली. जुलैमध्ये डेट्रॉइटने त्याला शिकागोच्या दुबळ्या संघाकडे धाडले. त्याच सौद्यात ग्लेन हॉल हा गोलरक्षकही गेला. हा हॉल १९५५ पासून १९६२ पर्यंत सलग ५०२ सामने खेळला, तोंडावर कसलेही संरक्षण न घेता. असा माणूससुद्धा मालकाला नकोसा होऊ शकतो! नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या खेळाडूंनी संघटनेतून अंग काढले आणि १९५८ च्या आरंभी ती मोडली. जाताना किमान ७,००० डॉलर पगार आणि निवृत्तिवेतनात काही वाढ, एवढे पदरात पडले. युनियन हरली तरी तिच्या भीतीपोटी मालक काहीतरी देतो. हा अनुभव आमच्या चळवळीलाही नवा नाही.

यानंतरचा प्रसंग आपल्या प्रश्नाशी थेट भिडतो. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटने मारलेली चकती माँट्रियलच्या जॅक प्लांटच्या तोंडावर बसली. नाकाजवळ टाके घालावे लागले. प्लांट सरावात मुखवटा वापरीत असे, पण सामन्यात तो घालायला प्रशिक्षक टो ब्लेक यांची मनाई होती. मुखवट्याने नजर अडते, आणि शिवाय गोलरक्षक भ्याड ठरतो, अशी त्या वेळची समजूत. प्लांटने सांगितले, मुखवटा असेल तरच बर्फावर परत जाईन. ब्लेकपुढे दुसरा मार्ग म्हणजे यजमानांचा हौशी बदली. त्यांनी निमूटपणे होकार दिला आणि माँट्रियल ३–१ ने जिंकले. तेव्हापासून मुखवटा खेळात रुजला.

एकट्या माणसाने अडवून धरले आणि मालकपक्ष नमला, असा याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. त्या रात्रीपुरता तो खराही आहे. पण चारच वर्षांनी, १९६३ साली, माँट्रियलने याच प्लांटला न्यूयॉर्कच्या संघाला देऊन टाकले. त्या रात्री त्याच्यावाचून अडत होते. पण नोकऱ्या सहाच आणि दारात उभे अनेक, असा हिशेब असला की वर्षाच्या हिशेबात कोणावाचूनही अडत नाही. पुढे १९६५–६६ च्या हंगामापासून प्रत्येक संघाने दोन गोलरक्षक पोशाखासह तयार ठेवलेच पाहिजेत, असा नियम झाला. या नियमाने गोलरक्षकाची अडवणूक करण्याची शक्ती कमी झाली, पण नोकऱ्या दुप्पट झाल्या आणि जखमी माणसाला बाहेर बसता येऊ लागले. माझ्या मते हा सौदा कामगारांच्या फायद्याचा होता.

१९६७ साली संघ सहाचे बारा झाले आणि त्याच वर्षी खेळाडूंची संघटना पुन्हा उभी राहिली. तिचे प्रमुख अॅलन ईगलसन हे वकील होते. एका बाजूने युनियनचे प्रमुख आणि दुसऱ्या बाजूने अनेक खेळाडूंचे खाजगी मुखत्यार, अशी त्यांची दुहेरी भूमिका पंचवीस वर्षे चालली. १९९८ मध्ये त्यांनी न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि त्यांना तुरुंगवास झाला. युनियनवाल्याने ही गोष्ट लपवू नये, उलट मोठ्याने सांगावी. मालकाचा हिशेब मागणाऱ्याने स्वतःचाही हिशेब सभासदांपुढे ठेवला पाहिजे. १९९० च्या सुमारास संघटनेने सर्वांचे पगार उघड केले आणि वाटाघाटींचा रंगच पालटला. ज्या निधीचा हिशेब लिंडसेने मागितला होता त्याचा निकाल १९९२ साली ऑन्टॅरियोच्या न्यायालयाने दिला. निधीतली शिल्लक जुन्या खेळाडूंची आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्या दाव्यात वादी म्हणून पहिले नाव होते ते अँडी बाथगेट याचे, ज्याच्या फटक्याने प्लांटला मुखवटा घालायला लावले त्याचेच.

आता मालकांची बाजू पाहू. पगार उघड झाले, खेळाडूंना दुसरीकडे जाण्याची थोडीफार मोकळीक मिळाली आणि मालकच एकमेकांवर चढाओढीने बोली लावू लागले. श्रीमंत शहरांचे संघ चांगले गडी उचलीत आणि लहान शहरांचे संघ रडकुंडीला येत. यावर मालकांनी उपाय काढला तो पगाराच्या कमाल मर्यादेचा. एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून अमुक रकमेपेक्षा अधिक खर्च करायचा नाही. खेळाडूंनी नकार दिला. सप्टेंबर २००४ मध्ये टाळेबंदी झाली आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी सबंध हंगाम रद्द झाला. त्या वर्षी स्टॅन्ली चषक कोणालाच मिळाला नाही. जुलैमध्ये समेट झाला तेव्हा खेळाडूंना चालू करारांत २४ टक्के कपात सोसावी लागली आणि संघामागे ३९ दशलक्ष डॉलरची मर्यादा मान्य करावी लागली.

मोबदल्यात त्यांना काय मिळाले? खेळाच्या एकूण उत्पन्नात ठरलेला वाटा मिळाला. तो आरंभी ५४ टक्के होता. २०१२–१३ च्या दुसऱ्या टाळेबंदीनंतर तो निम्म्यावर आला. उत्पन्न वाढेल तशी मर्यादा वाढते. २०२५–२६ च्या हंगामात ती ९५.५ दशलक्ष झाली, आणि किमान पगार ७,७५,००० डॉलर. हॅमिल्टनच्या २०० डॉलरपासून इथवरचा रस्ता लहान नव्हे.

तरीही या मर्यादेत एक मेख आहे. पूर्वी खेळाडूने वाढ मागितली की ती मालकाच्या खिशातून येई. आता मर्यादेला टेकलेल्या संघात ती शेजारी बसलेल्या सोबत्याच्या ताटातून येते. माँट्रियलने केरी प्राइस या गोलरक्षकाशी आठ वर्षांचा ८४ दशलक्षांचा करार केला. तो २०१८–१९ मध्ये सुरू झाला तेव्हा मर्यादा ७९.५ दशलक्ष होती. म्हणजे शंभरातले तेरा डॉलर एका माणसाकडे गेले. प्राइसची योग्यता तेवढी होती, याबद्दल वाद नाही. पण उरलेल्या बावीस जणांनी सत्त्याऐंशीत भागवायचे. मग कात्री लागते ती बहुधा दुसऱ्या गोलरक्षकाला. आणि प्राइसचे गुडघे गेले, एप्रिल २०२२ नंतर तो खेळू शकला नाही, तेव्हा तो दुसरा माणूस किती मोलाचा होता ते कळले. एवढ्या लांब हंगामात एकटा सगळे सामने खेळू शकत नाही. तिसरा गोलरक्षक खालच्या लीगमध्ये दुहेरी करारावर असतो. वर बोलावले तर एक पगार, खाली राहिला तर दुसरा.

आणि दोघेही एकाच रात्री जखमी झाले तर? २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरोंटोत कॅरोलायनाच्या संघावर हीच पाळी आली. तेव्हा बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र चालवलेला, ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स गोलात उतरला. पहिल्या दोन फटक्यांवर दोन गोल झाले. नंतरचे आठही फटके त्याने अडवले आणि संघ ६–३ ने जिंकला. लेस्टर पॅट्रिकनंतर ९२ वर्षे उलटली आणि अब्जावधींचा हा धंदा पुन्हा उसन्या माणसावर येऊन थांबला. जुलै २०२५ मध्ये मालक आणि संघटना यांच्यात ठरलेल्या नव्या करारात प्रत्येक संघाने असा राखीव गोलरक्षक पूर्णवेळ नोकरीत ठेवावा, असे कलम आले. बदली कामगार कायम झाला!

श्रोतेहो, आरंभीच्या प्रश्नाकडे वळून मी थांबतो. ग्लेन हॉलवाचून अडत होते, प्लांटवाचून अडत होते, तरी दोघेही विकले गेले. हॅमिल्टनचे खेळाडू तर अख्खा संघ मिळून उभे राहिले, पण लीगमधले बाकीचे संघ त्यांच्यामागे नव्हते. जे टिकले ते सर्वांच्या नावाने कागदावर उतरलेले, हिशेब उघडा ठेवून मिळवलेले. पगाराची मर्यादा मला आवडत नाही, आणि ज्या संघटनेने ती स्वीकारली तिला मी दोषही देत नाही. मात्र त्या मर्यादेखाली मोठ्या पगाराच्या गोलरक्षकाने आपल्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या गोलरक्षकाचा विचार केला नाही, तर ती संघटना मालकाला मोडावी लागणार नाही, ती आतूनच मोडेल. ही सावधगिरी बर्फावर जितकी जरूर आहे तितकीच आपल्या कारखान्यांतही आहे.