विद्यापीठांची संकेतस्थळे आणि आशय व्यवस्थापन प्रणाली

संकेतस्थळावरचा मजकूर, त्याची मांडणी आणि तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणाऱ्या संगणकप्रणालीला आशय व्यवस्थापन प्रणाली किंवा सीएमएस म्हणतात. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, मांडणी टेम्प्लेटमध्ये राहते आणि कोणी काय बदलायचे हे लॉगइनला जोडलेल्या भूमिकेवरून ठरते. युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांत ही प्रणाली एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रुजली. विद्यापीठाच्या नावाने कोणी लिहायचे आणि त्याची जबाबदारी कोणाची, हा तिच्या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे.

वेबचा जन्म संशोधनसंस्थेतच झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत त्याचा प्रस्ताव मांडला. युरोपबाहेरचा पहिला वेब सर्व्हर डिसेंबर १९९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्लॅक प्रयोगशाळेत सुरू झाला. भौतिकशास्त्रातील शोधनिबंधांची ‘स्पायर्स’ ही सूची संशोधकांना दूरवरून पाहता यावी, हा त्याचा हेतू होता. साठवलेल्या नोंदींतून मागणीनुसार पान तयार करण्याची कल्पना वेबच्या आरंभापासूनच होती, असे यावरून दिसते. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली, इंटरनेटवरचा मजकूर याद्यांतून शोधण्याची ‘गोफर’ ही प्रणाली काही काळ वेबपेक्षा लोकप्रिय होती. १९९३ मध्ये मिनेसोटाने गोफरच्या सर्व्हरसाठी परवानाशुल्काची भूमिका घेतली, तर सर्नने वेब सर्वांना विनामूल्य खुले केले. इलिनॉय विद्यापीठातील मोझॅक ब्राउझरही त्याच वर्षी आला आणि विद्यापीठे वेबकडे वळली.

सुरुवातीची पाने हाताने लिहिली जात. संगणक विभागातला एखादा कर्मचारी किंवा हौशी विद्यार्थी एचटीएमएल लिहून फाइल एफटीपीने सर्व्हरवर चढवी. प्राध्यापकांना स्वतःच्या पानांसाठी वेगळी जागा मिळे. या मोकळिकीतून व्याख्यानांच्या टिपणांपासून संशोधनाच्या आकडेवारीपर्यंत पुष्कळ मोलाचे साहित्य वेबवर आले. पण प्रत्येक विभागाची मांडणी निराळी होई, दूरध्वनी क्रमांक बदलला तर तो अनेक पानांवर वेगवेगळा दुरुस्त करावा लागे आणि पाने तयार करणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेला की ती तशीच पडून राहत. सगळी कामे एका वेबमास्टरकडे सोपवली, तर साध्या सूचनेलाही दिवसेंदिवस थांबावे लागे.

या कोंडीवर तोडगा देणारी मुक्त सॉफ्टवेअरे अल्पावधीत पुढे आली. झोप ही प्रणाली १९९८ मध्ये खुली झाली आणि तिच्यावर उभारलेल्या प्लोनची १.० ही आवृत्ती २००३ मध्ये आली. डेन्मार्कमध्ये जन्मलेली टायपो३ जर्मन विद्यापीठांत पसरली. ड्रुपलचे मूळ तर विद्यार्थी वसतिगृहातच आहे. ड्रीस बाउटार्ट यांनी २००० मध्ये अँटवर्प विद्यापीठात शिकत असताना मित्रांसाठी एक अंतर्गत संदेशफलक तयार केला आणि जानेवारी २००१ मध्ये त्याचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. परवानाशुल्क नसल्याने मर्यादित निधीच्या विभागांनाही अशा प्रणाली वापरून पाहता आल्या. सोबतच कॅस्केडसारखी विकतची उत्पादनेही विद्यापीठांत गेली. कॅस्केड तयार पाने सर्व्हरवर पाठवून देते, तर ड्रुपल वाचकाच्या मागणीनंतर डेटाबेसमधून पान जुळवते.

प्रणाली बसवण्यापेक्षा तिच्यासाठी घराची आवराआवर करणे जड गेले. कोणती पाने ठेवायची, कोणती काढायची, त्यांचा धनी कोण, हे आधी ठरवावे लागे. जुने पत्ते नव्यांकडे वळवले नाहीत, तर शोधनिबंधांत दिलेले दुवे तुटत. लेखक, तपासनीस आणि प्रकाशक अशा भूमिका ठरल्यावर विभागाच्या कार्यालयातील लिपिकही एचटीएमएल न शिकता सूचना लावू शकला, हा मोठा लाभ होता. उलट, एकसारख्या टेम्प्लेटमुळे आपली ओळख पुसली जाते, अशी प्राध्यापकांची तक्रार असे. तिला उत्तर म्हणून स्वतंत्र सोयी निघाल्या. व्हर्जिनियातील मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने २००७ मध्ये वर्डप्रेसच्या आधारे शिक्षक-विद्यार्थ्यांना स्वतःची स्थळे दिली. हार्वर्डमध्ये ड्रुपलवर आधारलेले ओपनस्कॉलर विकसित झाले.

दृष्टिहीन वाचकांसाठी टेम्प्लेटचे महत्त्व फार मोठे आहे. सुगम्यतेचे पहिले आंतरराष्ट्रीय निकष १९९९ मध्ये आणि सुधारित निकष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. टेम्प्लेटमधली एक दुरुस्ती हजारो पानांना लागू होते, त्यामुळे निकष पाळणे आवाक्यात आले. भाषांच्या बाबतीत हीच कामगिरी युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतप्रणालीने केली. विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असलेला जुना मराठी मजकूर फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नसे आणि डेटाबेसमध्ये नीट शोधताही येत नसे. युनिकोडमुळे ही अडचण दूर झाली. २०१५ च्या ड्रुपल ८ मध्ये बहुभाषिक सोय मूळ प्रणालीतच आली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने ड्रुपलचे धडेही उपलब्ध करून दिले आहेत.

विभागांच्या स्थळांच्या केंद्रीकरणाला सर्वाधिक बळ सुरक्षेच्या प्रश्नाने दिले. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. सात तासांत दुरुस्ती न केलेले स्थळ फोडले गेले आहे असेच समजावे, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने पुढे दिला. विभागाविभागांत विखुरलेल्या प्रती इतक्या लवकर दुरुस्त करणे कठीण असल्याने मध्यवर्ती होस्टिंगची गरज ठळक झाली. नव्या आवृत्तीवर जाणेही सोपे नव्हते. ड्रुपल ८ ची रचना इतकी वेगळी होती की ७ वरून तिच्यावर जाणे म्हणजे जवळजवळ नवे स्थळ उभारणेच होते. त्यामुळे ड्रुपल ७ ची मुदत अनेकदा वाढवावी लागली आणि तिचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. सॉफ्टवेअर विनामूल्य असले, तरी ते सांभाळणारी माणसे, मजकुराचे नियमित परीक्षण आणि पुढच्या स्थलांतराचा खर्च यांची तरतूद विद्यापीठाला कायमच करावी लागते.