मूट : एका इंग्रजी शब्दाची उलटापालट

इंग्रजीतला ‘मूट’ हा शब्द मुळात सभेचा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्याआधीच्या अँग्लो-सॅक्सन काळात तंटे सोडवण्यासाठी आणि कारभाराचे निर्णय घेण्यासाठी लोक जमत, त्या जमण्याला ‘गेमोट’ म्हणत. राजाच्या जाणत्या सल्लागारांची ती ‘विटेनगेमोट’. परगण्याची सभा वर्षातून दोनदा भरे, आणि परगण्याखालच्या ‘हंड्रेड’ नावाच्या विभागाची दर चार आठवड्यांनी, असा दहाव्या शतकातल्या राजाज्ञांचा दंडक होता. सभेची जागा बहुधा उघड्यावरच असे : एखादी टेकडी, जुने झाड, उभा दगड, नदीचा उतार. कामकाजात गुरांच्या चोरीला मोठे स्थान होते. चोराचा माग काढायला विभागातल्या माणसांनी निघायचे, जो टाळाटाळ करील त्याला दंड. मूटमध्ये जे ठरे ते अशा रीतीने थेट माणसांच्या गोठ्यापर्यंत पोचत असे.

नॉर्मन राजवटीत या सभा लगेच बंद पडल्या नाहीत, पण न्यायदानाची भाषा बदलली आणि फ्रेंचमधून आलेला ‘कोर्ट’ हा शब्द वर चढला. ‘मूट’ उरला तो गावांच्या सभागृहांच्या नावात. सफक परगण्यातल्या ऑल्डबरो गावी सोळाव्या शतकातला लाकडी सांगाड्याचा मूट हॉल आजही उभा आहे. तो बांधला तेव्हा गावाच्या मध्यभागी होता. समुद्राने पुढच्या गल्ल्या गिळल्यामुळे आता तो जवळजवळ किनाऱ्यावर आला आहे.

शब्दाला दुसरा जन्म मिळाला लंडनच्या चार ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये. लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या संस्थांत वकिली शिकणारे एकत्र राहत, एकत्र जेवत. जेवणानंतर त्याच दालनात एखादा रचलेला खटला मांडला जाई, बहुतेक वेळा जमिनीच्या वारशाचा आणि मुद्दाम गुंतागुंतीचा केलेला. नवशिके विद्यार्थी वादी-प्रतिवादींची निवेदने कायद्याच्या त्या खास फ्रेंचमध्ये तोंडपाठ म्हणत, वरच्या पायरीचे विद्यार्थी मुद्द्यांवर वाद घालत आणि बाकांवर बसलेले ज्येष्ठ न्यायाधीशांच्या भूमिकेतून मत देत. या सरावाला ‘मूट’ म्हणत. थॉमस एलियट यांनी १५३१ च्या ‘द गव्हर्नर’ या ग्रंथात त्याची तुलना प्राचीन वक्तृत्वविद्येशी केली आहे. बॅरिस्टर ही पायरीसुद्धा इथलीच. ज्या ‘बार’वर विद्यार्थ्याला बोलावले जाई तो आधी राजाच्या न्यायालयातला नव्हे, तर या दालनातला.

‘मूट पॉइंट’ हा प्रयोग या सरावातून निघाला. दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा, अजून न सुटलेला प्रश्न, हा त्याचा अर्थ ब्रिटनमध्ये आजही मुख्य मानला जातो. सराव मात्र टिकला नाही. १६४२ च्या यादवीने तो विस्कटला, आणि पुढे पैसे भरून त्यातून सुटका करून घेण्याची सोय झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो नावापुरता उरला. जेवणे तेवढी सक्तीची राहिली. १८८८ ते १८९१ या काळात इनर टेम्पलमध्ये शिकणाऱ्या मोहनदास गांधींनाही तिथे नेमाने हजेरी लावावी लागली. या जेवणांनी वकिली कशी येते, हे कोडे त्यांना आत्मचरित्र लिहितानाही उलगडलेले नव्हते.

अमेरिकेत शब्दाने वेगळे वळण घेतले. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७९ साली कायद्याचे अध्यापक झालेल्या जॉर्ज विथ यांनी विद्यार्थ्यांची लुटुपुटीची न्यायालये भरवली. त्यामुळे मूट म्हणजे खोटा खटला, हा अर्थ तिथे पहिल्यापासून रुजला. दुसरीकडे, अमेरिकी राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने संघीय न्यायालयांचा अधिकार प्रत्यक्ष खटले आणि वाद यांपुरता ठेवला. १७९३ साली राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या वतीने काही कायदेशीर प्रश्न विचारले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी सल्ला देण्यास नकार दिला. खोट्या खटल्याचा अर्थ आणि न्यायालयांवरची ही मर्यादा, या दोन गोष्टी जुळल्या आणि ज्या वादात न्यायालयाच्या निकालाने कोणाचेच काही बदलणार नाही, तो ‘मूट’ ठरू लागला.

याचे ठळक उदाहरण १९७४ चे. मार्को डीफ्युनिस यांना वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने प्रवेश नाकारला. अल्पसंख्याक अर्जदारांना वेगळी मोजपट्टी लावली जाते, अशी त्यांची तक्रार होती. खालच्या न्यायालयाच्या आदेशाने ते दाखल झाले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत शेवटच्या सत्रात आले. आता निकाल काहीही लागला तरी पदवी मिळणारच, म्हणून पाच विरुद्ध चार मतांनी खटला मूट ठरला. खरा प्रश्न चार वर्षांनी बाकी नावाच्या अर्जदाराच्या खटल्यात न्यायालयासमोर परत आलाच. या तत्त्वाचा धोका असा की नुसता वेळ काढूनही पेच टाळता येतो. त्यामुळे अपवाद करावे लागले : जो प्रश्न पुन्हा पुन्हा उद्भवतो पण निकालाआधीच संपतो, तो ऐकला जातो. १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ या गर्भपाताविषयीच्या खटल्यात गरोदरपणाला हाच अपवाद लागू झाला. अपील चालेपर्यंत नऊ महिने थांबत नाहीत.

भारतात शब्दाची तिसरीच तऱ्हा. इथल्या इंग्रजी वृत्तपत्रांत सरकार नवा पूल किंवा नवा कर ‘मूट’ करते, म्हणजे विचारासाठी पुढे मांडते. हे ब्रिटिश क्रियापद आहे. निरर्थक झालेल्या याचिकेला मात्र आपली न्यायालये बहुधा ‘इन्फ्रक्चुअस’ म्हणतात. अमेरिकेत नाकारलेला सल्ला इथे मागता येतो, कारण घटनेच्या १४३ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना सर्वोच्च न्यायालयाचे मत विचारण्याची मुभा दिली आहे. १९५१ मध्ये दिल्ली कायद्यांबाबतचे मत त्याच वाटेने आले. इन्समधला जुना सराव विधी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आहे. बार कौन्सिलच्या नियमांत त्याला तीस गुण आहेत.