अर्धांगवायूनंतरचे पुनर्वसन : नांदेड-लातूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अर्धांगवायूच्या झटक्यातून रुग्ण वाचला तरी लुळा पडलेला हात-पाय पुन्हा कामाला लागावा यासाठी महिनोन्‌महिने व्यायाम करावा लागतो. हे सातत्य केवळ रुग्णाच्या जिद्दीवर अवलंबून असते, असे सामान्यतः मानले जाते. सदर लेखात या समजाची इतिहासाच्या आधारे तपासणी केली आहे.

विषय विवेचन :
आयुर्वेदात या व्याधीस पक्षाघात म्हणतात; चरकसंहितेत त्यावर स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन हे उपचार सांगितले आहेत. महाराष्ट्रात आधुनिक पुनर्वसनशास्त्राचा पाया मुंबईत घातला गेला. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. त्या वेळी नांदेड हैदराबाद राज्यात होते, तर लातूर त्याच राज्यातील तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. या भागात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये उशिरा आली : शेजारच्या अंबाजोगाईस १९७४, नांदेडला १९८८ आणि लातूरला २००२ मध्ये.

दरम्यान शास्त्रीय मतही बदलले. प्रौढ मेंदूतील मार्ग कायमचे ठरलेले असतात, ही धारणा मागे पडली. २००६ मध्ये अमेरिकेतील २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुर्बल हातात थोडी हालचाल शिल्लक असलेल्या रुग्णांच्या निरोगी हातावर मोजा चढवून, झटक्यानंतर ३ ते ९ महिन्यांनी, २ आठवडे दुर्बल हाताचा कसून सराव घेण्यात आला. झालेली सुधारणा वर्षभर टिकली.

मग हा सराव घरच्यांनीच करून घेतला तर? भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर हा प्रयोग झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित कुटुंबीयांच्या सरावाची जोड मिळालेला गट आणि ती न मिळालेला गट यांत फरक आढळला नाही. सहा महिन्यांनी दोन्हींत सुमारे ४७ टक्के रुग्ण मृत वा परावलंबी होते.

समारोप :
यावरून व्यायाम निरर्थक ठरत नाही. मात्र पुनर्वसनाचा भार कुटुंबावर सोपवून भागत नाही, हे स्पष्ट होते. म्हणून किनवट, मुखेड वा निलंग्याच्या रुग्णाने व्यायाम सोडला, तर त्यास आळशी ठरविण्यापूर्वी उपचार केंद्र किती दूर आहे, सोबत कोण येते आणि त्या दिवसाची मजुरी कोणाची बुडते, हे विचारणे अगत्याचे आहे.