पाणी उधळतं कोण?

एप्रिल २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण धनेगावला, म्हणजे बीड जिल्ह्यात. ते कोरडं पडलं होतं. तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये एकच वाक्य ऐकू यायचं: "दुष्काळी भागात ऊस लावतातच कशाला?" मीही तेच म्हणायचो. नंतर थोडा इतिहास वाचला आणि गप्प बसलो.

गोष्ट सुरू होते पुणे जिल्ह्यात. नीरा डावा कालवा १८८५ साली झाला, तो दुष्काळापासून संरक्षण म्हणून. पण पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीवाला पाणी घेईना आणि कालवा तोट्यात! मग इंग्रज सरकारला बारमाही गिऱ्हाईक हवं झालं. ते सापडलं उसात. पुढे १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि गणित पक्कं झालं. बीड तोवर हैदराबाद राज्यात होतं. आपल्याकडे आलं १९५६ ला. माजलगाव, मांजरा ही धरणं नंतरची. त्यांच्यामागोमाग तेच तयार गणित आलं.

गणित काय? उसाचा भाव सरकार बांधून देतं आणि माल घ्यायला कारखाना असतो. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, खरेदीची तशी खात्री नाही. त्यात पाणीपट्टी वर्षानुवर्षं पीक, हंगाम आणि क्षेत्रावर. आपल्या अनलिमिटेड डेटा पॅकसारखं: वाचवलं तरी बिल तेवढंच! ठिबकला पैसे मात्र खिशातून. पाणी मोजून देण्याचा कायदा २००५ साली झाला, पण शेतात सवय जुनीच.

नाबार्ड आणि इक्रिअरच्या २०१८ च्या अभ्यासात एक मजा आहे. हेक्टरी ऊस मोजला तर महाराष्ट्र उत्तर प्रदेश-बिहारच्या पुढे. सिंचनाच्या घनमीटरमागे मोजला तर ते दोघं आपल्या बरेच पुढे. तिथे पाऊस जास्त, त्यामुळे वरचं पाणी कमी लागतं. म्हणजे कार्यक्षम कोण, हे तुम्ही कशाने भागता त्यावर ठरतं. आपण कायम जमिनीने भागलं. कमी होतं ते पाणी.

आणि बीडचा कोरडवाहू शेतकरी? बालाघाटच्या डोंगरात पावसावर सीताफळ येतं, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्यावर वर्ष निघत नाही. दिवाळीनंतर हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, बरीचशी पश्चिम महाराष्ट्रात. आपल्या गावात पाणी नाही म्हणून दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला.

पाणी उधळतं कोण, हे आता मी कॅन्टीनमध्ये विचारत नाही. चहात साखर मीही घालतोच.