बांधकाम सुतार

बांधकाम सुतार हा नव्या घरांच्या व इमारतींच्या उभारणीतील लाकूडकाम आणि साचाकाम करणारा कारागीर होय. भारतात बहुतेक नव्या इमारतींचा सांगाडा प्रबलित काँक्रीटचा असतो. मात्र ओले काँक्रीट ज्या साच्यात ओतले जाते, तो साचा सुतार उभारतो. त्यामुळे फर्निचर बनवणाऱ्या सुतारापेक्षा त्याच्या कामाचे स्वरूप आणि जोखीम वेगळी असते. महाराष्ट्रातील गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता आणि हे कौशल्य मुख्यतः घराण्यातून मिळत असे. आज विविध समाजांतील व प्रांतांतील तरुण या व्यवसायात येतात.

कामाचे स्वरूप

हे काम साधारणतः दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा साचाकामाचा असून त्याला बोलीभाषेत सेंट्रिंग किंवा शटरिंग म्हणतात. यात स्तंभ, तुळया, जिने व स्लॅब यांसाठी प्लायवूड, फळ्या किंवा पोलादी पत्रे जोडून साचा तयार करतात आणि त्याखाली बल्ल्या किंवा पोलादी टेकू देतात. प्रबलित काँक्रीटचे वजन दर घनमीटरला सुमारे २,५०० किलोग्रॅम असते. म्हणजेच १२.५ सेंमी जाडीच्या स्लॅबचा दर चौरस मीटरचा भार ३०० किलोग्रॅमहून अधिक होतो आणि काँक्रीट पुरेसे बळकट होईपर्यंत तो टेकूंनाच पेलावा लागतो. दुसऱ्या टप्प्यात दारांच्या चौकटी, दारे, खिडक्या व कपाटे बसवली जातात.

प्रवेशाचे मार्ग

व्यवसायात येण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा (आयटीआय). तेथील सुतार व्यवसायाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून उत्तीर्ण उमेदवारास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर शिकाऊ उमेदवारीही करता येते. तिच्यासाठी १९६१ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला.

दुसरा आणि अधिक रूढ मार्ग प्रत्यक्ष बांधकामावरचा आहे. नवशिका मदतनीस म्हणून मिस्त्रीच्या हाताखाली लागतो. साहित्य वाहणे, जुन्या फळ्यांतील खिळे काढणे आणि साच्याला तेल लावणे ही त्याची पहिली कामे असतात. पुढे मोजमाप व कापणी त्याच्याकडे येते. या मार्गात कमाई पहिल्या दिवसापासून सुरू होते, परंतु कौशल्याचा लेखी पुरावा हाती राहत नाही. ठेकेदार बदलला की आपले काम पुन्हा सिद्ध करावे लागते.

प्राथमिक कौशल्ये

मोजपट्टी, गुण्या, ओळंबा, करवत, हातोडी, पटाशी व रंधा ही मूलभूत हत्यारे होत. दूरच्या दोन बिंदूंची पातळी जुळवण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. मोठा काटकोन आखताना ३, ४ व ५ फूट बाजूंच्या त्रिकोणाचा आधार घेतात. नकाशा वाचता येणारा सुतार मुकादम किंवा ठेकेदार होण्याच्या दृष्टीने पुढे जातो. मोठ्या गृहप्रकल्पांत ॲल्युमिनियमच्या तयार साच्यांचा वापर होतो. तेथे कापणीपेक्षा क्रमवार जोडणीला महत्त्व असते.

सुरक्षितता

साचा घाईने उतरवणे हे स्लॅब कोसळण्याचे एक कारण आहे. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार, साधारण सिमेंट आणि किमान १५ अंश सेल्सिअस तापमान असताना, ४.५ मीटरपर्यंत गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू किमान ७ दिवस, तर त्याहून मोठ्या गाळ्यासाठी किमान १४ दिवस ठेवावे लागतात. ६ मीटरहून मोठ्या गाळ्याच्या तुळयांसाठी ही मुदत २१ दिवस आहे. साहित्य पुढच्या मजल्यावर लवकर न्यायचे असल्यास याच मुदतींवर दबाव येतो. त्यामुळे अभियंत्याच्या परवानगीशिवाय टेकू न हलवणे हा नवशिक्यासाठी पहिला नियम ठरतो. उंचीवर काम करताना शिरस्त्राण व सुरक्षापट्टा आवश्यक असतो.

नोंदणी व कल्याण

बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारांसाठी लाभार्थी नोंदणीची तरतूद केली. त्यासाठी मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असणे ही अट घालण्यात आली. महाराष्ट्रात ही नोंदणी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. कामाचे दिवस सिद्ध करण्यासाठी प्रमाणपत्र लागत असल्याने, नाक्यावरून रोज वेगळ्या ठिकाणी जाणाऱ्या सुताराला ही अट पूर्ण करणे अवघड जाते. म्हणून हजेरीची नोंद सुरुवातीपासून जपून ठेवणे उपयुक्त ठरते.